बिनरंगाचा हिरवा

श्रावण लागला की आमच्याकडे माशाचं नावसुद्धा काढायचं नाही असा दंडक, आणि मी मात्र त्याच श्रावणात रोज सकाळी माशाचे डबे उघडत बसते. नोकरीच तशी आहे, त्याला मी काय करू? शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एका दुमजली इमारतीत आमची लॅब आहे. हळद येते, दूध येतं, बेदाणा येतो आणि डबाबंद मासळीही येते. समुद्र इथून कुठल्या कुठे. पण मासळीत काय लपलंय ते हुडकणारं यंत्र इथं आहे, म्हणून मासळी घाट चढून आमच्याकडे येते. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, श्रावणात तरी रजा टाकावी गं माणसानं. मी म्हणते, काकू, मी मासे खात नाही, त्यांची फक्त चौकशी करते.

यंदाच्या श्रावणातला पहिला डबा परवा उघडला. बाहेर झिमझिम चालू होती, खिडकीतून दिसणारा डोंगर हिरवागार झाला होता. डब्याच्या कडेला चावी लावून जोर दिला की आधी तो श्वास सोडतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या आवाजाला मी दचकतेच. आत मासा तेलात निवांत पडलेला असतो. डोकं नाही, शेपटी नाही, काटा इतका मऊ झालेला की बोटात चुरावा. कुठल्या देशातल्या कुठल्या तळ्यात तो वाढला, कधी मेला, काही पत्ता नसतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. बर्फातल्या चौकीवर त्यांनी हिवाळेच्या हिवाळे डब्यातल्या मासळीवर काढले. ते म्हणायचे, मेल्यावर सुदीक वर्सं काढतोय त्यो मासा, त्याला खाताना बोलायचं न्हाई. लहानपणी ही आबांची गंमत वाटायची. आता डबा उघडताना मीही बोलत नाही.

आम्ही डब्यात शोधतो तो एक रंग. त्याचं नाव मॅलकाइट ग्रीन, पण लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं 'हिरवा' म्हणतात. तळ्यात वाढवलेल्या माशांच्या अंगावर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, कापूस चिकटल्यासारखी. हा रंग चिमूटभर पाण्यात टाकला की बुरशी मरते. स्वस्त, झटपट. म्हणून लोक तो टाकत आले, आणि माणसाच्या जिवाला बरा नाही म्हणून खाण्याच्या माशासाठी त्याला बंदी झाली. बंदी असली तरी चोरून टाकणारे आहेतच, म्हणून आमचं पोट चालतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. हा रंग माशाच्या अंगात गेला की मासा हिरवा होत नाही. थोड्याच दिवसांत रंगाचा रंग जातो. पाणी नितळ, मासा चकचकीत रुपेरी, मांस पांढरंशुभ्र. आणि रंग गेलेला तो हिरवा माशाच्या चरबीत शिरून गुपचूप बसतो. तिथून तो लवकर हलत नाही. मासा मेला तरी राहतो, शिजवला तरी राहतो, डब्यात घालून उकडला तरी राहतो.

मी नोकरीला लागले तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, आम्हा नव्या मुलींना हे एका छोट्या बाटलीत करून दाखवलं होतं. बाटलीत पाणी वाटावं असं काहीतरी होतं. सर म्हणाले, नीट बघा, हा हिरवा आहे. आम्ही बघितलं, काहीच नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या बाटलीतला एक थेंब त्यात सोडला. तळापासून हिरवा उमलत वर आला, मोरपिसातला असतो तसा दाट. माझ्या शेजारी उभी असलेली सुवर्णा हळूच म्हणाली, बाई गं, म्हणजे हा इथंच होता. त्या दिवसापासून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही.

मी काही भित्री बाई नव्हे. शिराळ्याकडची आहे. आमच्याकडं पोरं नागाला भीत नाहीत, मी कशाला भिईन? पण एका श्रावणात मी भ्याले. आई गेली त्या वर्षीचा तो श्रावण. दरवर्षी डोंगर हिरवे व्हायला लागले की तो पाठीमागून येऊन उभा राहतो.

आई माघात गेली. हृदयाचा झटका, बसल्या जागी, कुणाला पाणी पाजायला सवड मिळाली नाही. अहेवपणी गेली म्हणून बायका तिचं भाग्य वाखाणत होत्या. हिरवं लुगडं, हातभर हिरवा चुडा घालून तिला नेली. मला त्या भाग्याचा राग आला होता आणि अजून येतो.

गाव आमचं वारणेकाठचं. आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि बाकीच्यांसारखा ऊस न वाढवता उसाच्या बांधाला त्यांनी शेततळं काढलं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, उतरायला सिमेंटच्या पायऱ्या स्वतःच्या हातानं ओतल्या, रोहू-कटल्याची पिल्लं आणून सोडली. लोक हसले, सुभेदारसाहेब पाण्याची शेती करायलेत म्हणाले. आबांनी लक्ष दिलं नाही. मासे मोठे झाले, तेव्हा हसणारेच पिशव्या घेऊन बांधावर यायला लागले.

तळं आबांचं, पण मासे आईचे. संध्याकाळच्या आधी ती पाटीत कोंडा आणि पेंड घेऊन पायरीवर जायची आणि बांगड्या वाजवायची. मुद्दाम वाजवायची असंही नाही, पाटी झाडताना वाजायच्या. त्या आवाजाला मासे वर यायचे. पाण्याला आतून उकळी फुटावी तशी सगळी तोंडं वर. आबांनी शिट्टी मारली, टाळ्या वाजवल्या, पाणी खळखळवलं, तरी त्यांना एक मासा दाद देत नसे. आई खुशीत म्हणायची, तुमची कवायत त्येंला कळत न्हाई. आबा चिडायचे आणि हसायचेही.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा तळ्यावर गेले, तेव्हा आबा बांधावर बसले होते. त्यांनी बोट ओठावर ठेवून मला थांबवलं. पायरीवर कुणी नव्हतं. पाटी नव्हती, बांगड्या नव्हत्या, वाराही नव्हता. आईची वेळ झाली आणि पाणी हललं. एकेक करत मासे वर आले आणि तिच्या पायरीपाशी तोंडं उघडी टाकून थांबले. कितीतरी वेळ थांबले. मग आपले आपण खाली गेले. आबा म्हणाले, रोज येत्यात. आम्ही दोघंही तिथून लगेच उठलो नाही.

लॅबमध्ये प्रत्येक तपासणीला एक कोरा मासा लागतो. म्हणजे असा मासा, ज्याच्यात रंग नाही हे आपल्याला आधीच पक्कं ठाऊक आहे. डब्यातल्या माशाबरोबर त्यालाही तस्सं वाटायचं, घुसळायचं, यंत्रातून काढायचं. यंत्राच्या पडद्यावर त्याची रेघ सपाट आली, की समजायचं आपली भांडी, आपले हात, आपलं पाणी स्वच्छ आहे. कोराच कोरा निघाला नाही, तर बाकीच्या निकालांना अर्थ नाही. त्या वर्षी सर कोऱ्या माशाच्या शोधात होते, कारण बाजारातल्या माशाची खात्री कोण देणार? मीच पुढं होऊन म्हणाले, आमच्या तळ्यातला आणते. त्या पाण्यात औषधाचा थेंब पडलेला नाही. ते सांगताना मला कोण अभिमान वाटत होता.

आखाड संपता संपता, श्रावण लागायच्या आधी, आमच्याकडं घरोघर मटण-मासे शिजतात. पुढं महिनाभर काही नाही म्हणून. आमच्याकडं आईचं वर्ष चालू होतं, चूल थंडच होती. तरी गल्लीतल्या लोकांसाठी आबांनी जाळं टाकलं आणि एक झकास रोहू माझ्यासाठी बर्फात घालून दिला. मी तो डबा मांडीवर घेऊन एसटीनं शिरवळला आले. कऱ्हाडात एक बाई शेजारी बसली आणि वास येऊन दुसऱ्या बाकावर गेली.

त्या माशाची रेघ सपाट आली नाही. मधेच एक सुळका उभा राहिला.

सर आधी आमच्यावर घसरले. श्रावण असल्यानं सुवर्णाच्या हातावर मेंदी होती, माझ्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, टेबलावर रंगीत पेनं होती. सरांनी पेनं उचलून नेली, बांगड्या काढायला लावल्या, मेंदीच्या हातांवर दोन-दोन हातमोजे चढवले. भांडी नव्यानं घासली. रोहूचा उरलेला तुकडा बर्फातून काढून पुन्हा वाटला. सुळका पुन्हा तिथंच. मी चिडून तिसऱ्यांदा केलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, तरीही तिथंच.

मग सर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे बोलले. आपल्या हातातून, पेनातून रंग सांडला असता तर तो हिरवा म्हणून दिसला असता. हा तो नाही. हा रंग गेलेला हिरवा आहे. एवढा रंग उतरवायचं काम जिवंत अंगच करतं. म्हणजे हा मासा जिवंत असतानाच त्याच्यात गेलाय. मी पडद्याकडं बघत राहिले. आमच्या तळ्यातलं नितळ पाणी मला आठवत होतं आणि तोंडं उघडून थांबलेले ते मासेही.

आबांना फोन केला. आडून आडून विचारलं, तळ्यात कसलं औषध सोडलंत का, दुकानदारानं काही पुडी दिली का, बुरशी धरली होती का. आबा एकदम घट्ट झाले. म्हणाले, माज्या पान्यात मी कोंड्याबिगर काय टाकत न्हाई, तुला इस्वास नसंल तर येऊन बघ. आबा खोटं बोलत नाहीत. रेघही खोटं बोलत नाही. मग आमच्या तळ्यात कोण येतंय, असं मनात आलं आणि मी खोलीतला दिवा लावला. दुपारच होती, नुसतं भरून आलं होतं, तरी लावला.

ते दिवस फार विचित्र गेले. खंबाटकीचा डोंगर खिडकीतून आत बघतोय असं वाटायचं. गवत, शेवाळ, बायकांची पातळं, देवीच्या ओटीतला खण, जिकडंतिकडं हिरवंच. एरवी श्रावणातला हा रंग बघून माणूस सुखावतं. मला वाटायचं, हा दिसणारा बरा. न दिसणारा कुठं कुठं बसला असेल? चहाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा मी उजेडाकडं धरून बघायची. सुवर्णा म्हणाली, अगं, वेड लागेल तुला. मी म्हटलं, लागू दे, पण कळू दे.

पंचमीला गावी गेले. आमच्याकडची पंचमी म्हणजे मोठा सण. माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके चढतात, बायका नटूनथटून वारुळाला जातात. त्या दिवशी विळी हातात घ्यायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. नागाला लागेल म्हणून. सगळं उकडून खायचं. आमच्या घरी वर्ष सरलेलं नसल्यानं सण नव्हता. उंबऱ्यावर रांगोळी नव्हती, आबा ओसरीवर वाती वळाव्यात तशी सुतळी वळत बसले होते.

दुपार कलायच्या सुमाराला गल्लीतली काशाक्का आली. वय झालेली, वाकलेली, आईची जिवाभावाची. ओसरीवर टेकली, आईच्या आठवणीनं डोळे पुसले, आणि मग तिनं एक मागणं केलं.

"तुज्या आईचा त्यो हिरवा रंग दी की गं पोरी," ती म्हणाली. "औंदा नाग आमचं आमीच केल्यात. पर दुसरा कंचा रंग मातीवर चढतच न्हाई."

मला एकदम सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी विसरले कधी होते? वारुळाची माती आणून आई दरवर्षी गल्लीभरच्या बायकांना नाग करून द्यायची. वेटोळं, त्यावर फणा, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. वाळले की रंगवायची. शिराळ्याच्या बाजारातून तिनं कधीतरी एका बाटलीत भरून आणलेली पूड होती. दोऱ्याला, वेताला, लाकडी खेळण्याला लावतात ती. चिमूटभर पाण्यात टाकली की वाटीभर हिरवा. काय तजेला होता त्याला! पंचमी झाली तरी आईची बोटं हिरवी असायची. गणपती येईपर्यंत हळूहळू उतरायची. एका दिवशी पोळ्या लाटताना लक्षात यायचं की आईची बोटं पुन्हा आईची झाली.

मी फडताळातून बाटली काढली. तळाला कडेनं चिकटलेली पूड होती, काळपट, चमकणारी. बोट ओलं करून टोकानं टेकवलं. बोट हिरवं झालं. हा हिरवा मी ओळखते. माझं पोटच त्याच्यावर आहे.

मी काशाक्काला विचारलं, नाग कुठं सोडता. तिला प्रश्नच कळेना. पाण्यात, आनि कुटं? मग म्हणाली, "पंचमीला वारणंला पानी चढल्यालं असतंय. घाटावर कोन जातंय बाई? तुजी आईच म्हनली, आमच्या तळ्यात सोडा. पायरीवर ठिवायचं, आपआप इरगळत्यात."

मी बाटली तिला दिली नाही. काही कारण सांगितलं, काय ते आता आठवत नाही. काशाक्का तोंड वाकडं करून गेली. आई असती तर असं केलं नसतं, हे तिच्या पाठीवर लिहिलेलं मला दिसत होतं.

म्हणजे तळ्यात कुणी परकं येत नव्हतं. आई येत होती. तळं झालं तेव्हापासून दर पंचमीला गल्लीभरचे हिरवे नाग त्या पायरीवर बसून विरघळले होते, मागच्या श्रावणात तिचे शेवटचे. माती खाली बसली. रंग पाण्यात उतरला, पाण्यातून माशात, आणि माशात जाऊन दिसेनासा झाला. बंदी खाण्याच्या माशात घालायला. देवाच्या नागाला लावायला कोण बंदी करणार? तिनं देवाला दिलं ते आम्ही जेवत होतो. वर्षानुवर्षं, चवीनं, बोटं चाटून.

आता हे आबांना सांगायचं होतं. तळं उपसावं लागणार होतं, मासे पुरावे लागणार होते. गणपती झाले की गल्लीतली लेकरंबाळं त्याच माशांवर ताव मारणार होती, त्यामुळे गप्प बसायची सोयच नव्हती. पण आबांजवळ तिचं म्हणून जे हलतं-डुलतं उरलं होतं, ते त्या पाण्यात होतं. आणि त्यात विष आहे, ते तिच्याच हातचं आहे, असं कुठल्या तोंडानं सांगू? मी आयुष्यात कितीतरी निकाल कागदावर दिलेत. समोर बसून द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

आबा बांधावर होते. मी पायरीपाशी गेले. लॅबमधून सुटल्यावर मी बांगड्या परत चढवल्या होत्या. ओढणी सावरताना त्या वाजल्या आणि पाणी फुटलं. सगळे मासे एकदम वर आले, माझ्या पायांपाशी, तोंडं उघडी टाकून. मी किंचाळणारच होते. आबा बांधावरून माझ्याकडं बघत होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुणाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहू नये.

तिथंच, उभ्या उभ्या, मी सांगून टाकलं. नागांचं, रंगाचं, रेघेचं. आबा मधे बोलले नाहीत. फौजेत खबर ऐकायची सवय. सगळं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तिला ठावं हुतं?"

मी म्हटलं, नाही आबा. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग झालं," म्हणाले. "आज न्हाई. आज जमीन उकरायची न्हाई. उद्या बघू."

त्या दिवशी त्यांनी कोंड्याची पाटी आणली, पायरीवर बसले आणि माशांना पोटभर घातलं. मला म्हणाले, बांगड्या वाजीव. मी वाजवल्या. जाणारच आहेत ते, तर उपाशी कशाला, असं म्हणाले असावेत मनात. मी रडत होते आणि मनगट हलवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप लावला. ओढ्याला पाणी जाऊ द्यायचं नाही असं मी बजावलं होतं, म्हणून ते पलीकडच्या मुरमाड पडीक तुकड्यात सोडलं. खड्डा त्यांनी एकट्यानं खणला. गडी बोलावला नाही. पाणी उतरत गेलं, मासे कमी कमी पाण्यात गोळा होत गेले, आणि आबा मधेच पंप बंद करून नुसतेच उभे राहायचे. सकाळ अशीच गेली.

पाणी शेवटच्या पायऱ्यांखाली गेलं आणि आबांनी मला हाक मारली. आवाज वेगळा होता. मी धावत गेले. पाण्यात बुडून राहणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. चिखलाचा पातळ थर पावसानं धुतला जात होता आणि खालून सिमेंटवर ते दिसायला लागले होते. वेटोळी. जिथं जिथं नाग ठेवले होते, तिथं तिथं त्यांची माती विरघळून गेली होती आणि हिरवा सिमेंटनं पिऊन घेतला होता. एकात एक गुंतलेली, एकावर एक चढलेली, पायरीपायरीवर. काहींचा फणासुद्धा ओळखू येत होता. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं आईचे नाग बसून होते, आणि मासे त्यांच्याच डोक्यावर येऊन तोंड उघडत होते.

आबा खाली उतरले. माशांच्या पाट्या वर आणताना त्यांनी एकाही वेटोळ्यावर पाय पडू दिला नाही. वाकून, वळून, तोल सावरत ते त्यांच्या मधून चालत होते. वयस्क माणूस, ओझं घेऊन. मी म्हटलं, आबा, पडाल. ते म्हणाले, गप. नंतर त्या पायऱ्या पहारीनं फोडल्या त्याही त्यांनीच. फोडण्याआधी हळद-कुंकू वाहिलं, दुधाची वाटी ठेवली. आमच्या घरी त्या वर्षी सण नव्हता, पण पूजा झाली म्हणायची.

पुढं नवा कागद आला, नवी पिल्लं आली, नव्या पायऱ्या झाल्या. गल्लीतल्या बायकांना मी माझ्या परीनं समजावलं. काशाक्का बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. देवाच्या रंगात इख काडतीया, लय शिकलीया, असं सगळीकडं सांगत होती. आता तीच नागाला हळदीचं बोट लावते आणि पोरीबाळींना दटावते, हिरवा नगं गं, पान्यात जातोय. नाग परातीत विरघळवतात आणि ती माती तुळशीला घालतात. नव्या तळ्यातल्या माशांना बांगड्यांचा आवाज कळत नाही. ते कुणासाठीच वर येत नाहीत, तरी आबा अजून त्या वेळेला पायरीवर जाऊन बसतात.

यंदा सरांना पुन्हा कोरा मासा हवा होता. इतक्या वर्षांत मी आमच्या तळ्याचं नाव काढलं नव्हतं. यंदा काढलं. आखाडाच्या शेवटी आबांनी रोहू दिला, मी तो तसाच मांडीवर घेऊन आले. परवा, तो पहिला डबा उघडला त्याच दिवशी, तो वाटला. हात धुतले, बांगड्या काढल्या, पडद्यासमोर बसले. रेघ निघाली. जिथं सुळका असायचा ती जागा जवळ यायला लागली तशी मी खुर्चीच्या कडेला सरकले. रेघ त्या जागेवरून सपाट निघून गेली. सर मागून म्हणाले, वा, एकदम कोरा. सुवर्णानं पेढे आण म्हटलं. मी हसले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण त्या सपाट जागेकडं बघताना, आईला नेल्यावर रिकामी पडलेली तिची ओसरीवरची जागा मला दिसत होती.

संध्याकाळी आबांना फोन केला. ते वाटच बघत होते. सांगितलं, आबा, काही नाही आलं. पाणी स्वच्छ आहे. लेकराबाळांना खुशाल घाला.

पलीकडं पावसाचा आवाज येत होता. आबा तळ्यावरच असणार.

"म्हंजी आता गेली म्हनायची तुजी आई," ते म्हणाले.

मग जे खरं होतं तेच बोलले. म्हटलं, "तळ्यातनं गेली, आबा. आपण दोघांनी इतकी वर्षं खाल्लंय. आपल्यात असेल थोडी."

पलीकडं कोंड्याची पाटी झाडल्याचा आवाज आला.

"मग ऱ्हाऊ दी," आबा म्हणाले. "तेवडी ऱ्हाऊ दी."